थकबाकीच्या यादीतली माणसे

प्रति,
सन्माननीय पाळकसाहेब, पंच आणि पास्टरेट कमिटीचे सभासद,
बेळगाव, खानापूर, निपाणी व चिकोडी परिसरातील मराठी ख्रिस्ती मंडळ्या

विषय : मंडळीतील घरभेटी व घरसभा पुन्हा सुरू करण्याबाबत

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

मी आमच्या मंडळीच्या कमिटीवर अकरा वर्षे खजिनदार होतो. मंडळीचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते एकाच मंडळीपुरते आहे असे मला वाटत नाही. निपाणीचे माझे साडू किंवा खानापूरकडचे आमचे नातलग आपापल्या मंडळीविषयी बोलू लागले की ते माझ्याच मंडळीविषयी बोलत आहेत असा भास होतो. सध्या आपल्यापैकी बऱ्याच ठिकाणी मंदिराच्या, म्हणजे चर्चच्या इमारतीच्या, दुरुस्तीची, नव्या फरशीची, ध्वनिक्षेपकांची आणि गीते पडद्यावर दाखवण्याची चर्चा चालू आहे, आणि ‘मंडळीचे पुनरुज्जीवन’ हा शब्द त्या चर्चेत वारंवार येतो. मंदिर गळत असेल तर कौले बदललीच पाहिजेत. बेळगावचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला हे पटवावे लागत नाही. परंतु पुनरुज्जीवनाची सुरुवात तिथून व्हावी हे मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे सविस्तर मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मार्चअखेर हिशेब बंद करताना मी नेहमीप्रमाणे थकबाकीदार सभासदांची यादी काढली, छापील मजकुरावर एकेक नाव घातले आणि स्मरणपत्रे पाठवून दिली. त्या यादीत एका निवृत्त नर्सबाईंचे नाव होते. त्यांची चौदा महिन्यांची वर्गणी राहिली होती. आमच्या स्मरणपत्राच्या शेवटी एक ठरलेले वाक्य असे : ज्यांची वर्गणी नियमित नाही अशा सभासदांना बाप्तिस्मा, विवाह व दफनविधी यांच्या वेळी अडचण येऊ शकते. ते वाक्य मी रचलेले नव्हते, पण त्याखाली सही माझी होती.

आठ दिवसांनी शेजारच्या एका मुलाच्या हाती पाकीट आले. त्यात थकलेली सगळी रक्कम होती, पुढच्या वर्षाची वर्गणीही आगाऊ होती, आणि एका चिठ्ठीवर थरथरत्या अक्षरात लिहिले होते की दफनभूमीत माझ्या मालकांच्या शेजारची जागा तेवढी मला राहू द्यावी. ती चिठ्ठी वाचल्यावर पावती त्याच मुलाबरोबर परत पाठवण्याचे धाडस मला झाले नाही. मी स्वतः गेलो. वडगावात यंत्रमागाच्या शेडमागे त्यांची एक खोली आहे. मागांचा खडखडाट इतका, की दाराची कडी वाजवलेली आत ऐकू गेली नाही. मांडीचे हाड मोडल्यामुळे बाई वर्षभराहून अधिक काळ खाटेवरच होत्या. उशाशी ‘उपासना संगीत’ होते, त्याला इस्पितळाच्या जुन्या चादरीचे हिरवट कापड शिवून घातलेले. पुस्तक मी सहज उघडले, तर प्रत्येक गीताच्या समासात पेन्सिलीने बारीक तारखा घातलेल्या दिसल्या. त्या दर रविवारी साडेनऊला, म्हणजे मंदिरात घंटा होते त्याच वेळी, खाटेवर उठून बसत, मंडळीत आज कोणते गीत घेतले असेल याचा अंदाज करत आणि ते एकट्याच म्हणून त्यापुढे तारीख घालत. अशा साठाच्या वर तारखा होत्या. मी निघताना त्यांनी विचारले, “भाऊ, माझं नाव अजून मंडळीच्या यादीत आहे काय?”

त्यांचे नाव मी यादीत पाहिले होते, थकबाकीच्या. मला त्यांना उत्तर देता आले नाही.

या बाई स्त्रियांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर, खिडकीलगत बसत. आमच्या उपासनेला दोनशेच्या आसपास माणसे असतात, आणि चौदा महिने ती जागा रिकामी असताना दर रविवारी दानार्पणाची थैली घेऊन त्याच बाकावरून जाणारा मी होतो. मी थैली पाहत होतो. ज्यांच्या कित्येक बाळंतिणी त्यांनी स्वतः उठबस करून सांभाळल्या होत्या त्या घरांतल्या स्त्रियाही तिथेच दोन बाक मागे बसलेल्या असत. यात कोणी दुष्ट नव्हते. प्रत्येकाला वाटत होते की दुसरे कोणी तरी जाऊन येत असेल, पाळकसाहेबांना तर माहीत असेलच. आणि पाळकसाहेब नुकतेच बदलून आलेले असल्यामुळे त्या बाकावर कोण बसत होते हे त्यांना कळायला वावच नव्हता.

त्यानंतर मी कमिटीच्या कपाटातील दप्तरे पुन्हा चाळली. आमच्याकडे वर्गणीची यादी आहे, वार्षिक सभेतील मतदानास पात्र सभासदांची यादी आहे, नाताळात कॅरल पार्टीने कोणत्या घरी जायचे याचीही यादी आहे. कोण आजारी आहे, कोणाच्या घरात कमावते माणूस गेले, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कोणाचे काम सुटले, कोणत्या आईवडिलांची दोन्ही मुले पुण्याला किंवा बेंगळुरूला आहेत आणि घरात औषध आणून देणारे कोणी नाही, याची यादी कोणत्याही कपाटात नव्हती. माझी विनंती अशी, की आपणही आपापल्या मंडळीचे कपाट उघडून एकदा पाहावे.

आपल्या भागातील मंडळ्या उभ्या कशा राहिल्या याचा थोडा विचार केला तर ही उणीव किती मोठी आहे हे कळते. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० मध्ये बळ्ळारीहून बेळगावी आले, तेव्हा इथे मराठी ख्रिस्ती मंडळी अशी काही नव्हतीच. जे काम झाले ते शाळांतून, बाजारातल्या संभाषणांतून आणि एकेका माणसाशी वर्षानुवर्षे राखलेल्या ओळखीतून झाले. बाबा पदमनजी १८३१ मध्ये याच गावात जन्मले, मिशनच्या शाळेत शिकले आणि पुष्कळ वर्षांच्या उलघालीनंतर १८५४ मध्ये बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठीतल्या अगदी पहिल्या कादंबऱ्यांपैकी एक लिहिणारा हा माणूस घर, जात, नातीगोती यांच्यापासून तुटला, तेव्हा त्याला ज्यांनी आपले म्हटले ती मूठभर माणसे म्हणजे मंडळी. आपल्या पणजोबांच्या पिढीत तर ही गोष्ट घरोघरची होती. गावाने पाणी तोडले तर मंडळीतले कोणी तरी घागर भरून देत असे. आज आपल्या घरी नळ आहेत, आणि मंडळीतल्या माणसाने दार वाजवावे अशी वेळ येत नाही असे आपण धरून चाललो आहोत.

१९०४ मध्ये लंडन मिशनने बेळगावचे काम अमेरिकन मेथडिस्ट मिशनकडे सोपवले, आणि तेव्हापासून मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे अठराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांचे नाव आपल्याकडे परिचयाचे झाले. त्यांच्या चळवळीतील एक प्रसंग मला या संदर्भात फार महत्त्वाचा वाटतो, आणि कोणत्याही पंथाच्या मंडळीने त्यापासून शिकावे असा तो आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे वेस्लींच्या लोकांनी सभागृह बांधले आणि त्याचे कर्ज डोक्यावर झाले. १७४२ च्या फेब्रुवारीत ते कर्ज कसे फेडावे यावर बैठक बसली. फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचवले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. अनेकजण इतके गरीब आहेत की त्यांना तेवढेही जमणार नाही, असा आक्षेप कोणी तरी घेतला, तेव्हा तो म्हणाला की अशा अकरा जणांची नावे माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन आणि ज्यांच्याकडून येणार नाही त्यांचे मी भरीन. तसे वाटप झाले. लोक पेनी गोळा करायला घरोघर जाऊ लागले, आणि गेल्यावर त्यांना दिसू लागले की या घरात भांडण आहे, त्या घरात दारू आहे, अमक्याची श्रद्धा डळमळली आहे, तमकी तापाने फणफणली आहे. वेस्लींनी ते ऐकले आणि पेनी बाजूला राहून त्या बाराबारांच्या गटांनाच चळवळीचा पाया केले. पुढे त्याला ‘क्लास’ म्हणू लागले आणि घरोघर जाणारा तो क्लास-लीडर झाला. तो पाळक नसे; सुतार असे, विणकर असे, कित्येक ठिकाणी बाई असे.

ब्रिस्टलच्या त्या लोकांवरही इमारतीचेच कर्ज होते आणि वर्गणी गोळा करण्याचीच अडचण होती. फरक इतकाच, की त्यांचा वर्गणी गोळा करणारा चालत घरी गेला आणि मी टपालाने पत्र पाठवले.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की फरशी, पडदा आणि रंगकाम यांचा ठराव करण्याच्या आधी प्रत्येक मंडळीने आपली सगळी घरे दहा-बारांच्या गटांत वाटून घ्यावीत, प्रत्येक गटाला मंडळीतलेच एक स्त्री व एक पुरुष नेमून द्यावेत, आणि त्यांनी महिन्यातून एकदा तरी प्रत्येक घरी जाऊन यावे व पंधरा दिवसांतून एकदा गटाला एका घरी प्रार्थनेसाठी बसवावे. पाळकसाहेबांनी हे एकट्याने करावे असे मी म्हणत नाही. ते शक्यच नाही, आणि तीन-चार वर्षांनी त्यांची बदली झाली की सगळी ओळख त्यांच्या सामानाबरोबर निघून जाते. मंडळीची आठवण मंडळीतल्याच माणसांकडे राहिली पाहिजे. आपल्या शेजारच्या कॅथलिक बांधवांमध्ये वस्तीवार लहान ख्रिस्ती समूह चालतात, त्यांचा अनुभव विचारून घेण्यातही काही कमीपणा नाही.

यावर पहिली हरकत भीतीची येते, आणि ती मी हलकी मानत नाही. धर्मांतरविरोधी विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभेत मांडले गेले ते आपल्याच गावाबाहेर, हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधात, आणि त्या दिवसांत घरात प्रार्थनेला चार माणसे जमली तरी खिडक्या लावून घेणारी घरे मला माहीत आहेत. पुढे २०२२ मध्ये तो कायदा झाला. त्याच्या गुणदोषांची चर्चा करण्याची ही जागा नव्हे. परंतु आपल्याच सभासदाच्या घरी, त्याच्याच आमंत्रणावरून, त्याच्या आजारपणात प्रार्थनेला बसणे ही कोणापासून लपवण्याची गोष्ट नाही. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, शेजाऱ्यांना आधी सांगावे, चहाला त्यांनाही बोलवावे, आवाज बेताचा ठेवावा. आमच्या गल्लीत आम्ही असेच केले. गणपतीत आम्ही ज्यांच्याकडे प्रेमाने जातो त्या शेजाऱ्यांनी आमच्या घरसभेला सतरंजी आणून दिली.

दुसरी हरकत भाषेची, आणि सीमाभागात ती टाळून चालत नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर आपल्या घरांतली मुले कधी मराठी, कधी कन्नड, कधी इंग्रजी माध्यमात शिकत आली आहेत. त्यातली काही घरात उत्तम मराठी बोलतात, पण उपासनेत शास्त्रपाठ वाचायला उभी केली की देवनागरीत अडखळतात, चारचौघांत हसे होते आणि पुन्हा पुढे येत नाहीत. शिवाय आपल्या सुना कोठून येतात ते पाहा : हुबळी, धारवाड, गदग-बेटगेरी, म्हणजे बासेल मिशनच्या जुन्या कन्नड मंडळ्यांतून. माहेरी गायनात पुढे असलेली मुलगी सासरच्या मंडळीत येते आणि वर्षानुवर्षे पुस्तक हातात धरून गप्प बसते. मराठी उपासना टिकली पाहिजे असे माझे ठाम मत आहे. नारायण वामन टिळकांची भजने आपल्या मुलांच्या ओठांवर राहिली नाहीत तर आपण फार मोठा ठेवा गमावू. पण ती टिकवण्यासाठी कोणाला गप्प बसवावे लागत असेल तर टिळकांनाही ते रुचले नसते. ख्रिस्ती भक्तीने मराठी माणसाच्या जिभेवर परकी राहू नये म्हणून ज्यांनी अभंग आणि कीर्तन मंडळीत आणले, त्यांना कन्नड सुनेची अडचण लगेच समजली असती.

घरसभेत या गोष्टीला वाट मिळते, हे मी पाहिले आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाची सभा अनगोळला एका घरी होती. वीज गेलेली, मेणबत्ती एक, पुस्तके दोन. कोणाला अक्षर दिसेना म्हणून पाठ असलेले एक जुने गीत धरले, विलायती चालीचे. पहिल्या कडव्यानंतर स्वयंपाकघराच्या दारातून तीच चाल कन्नड शब्दांत ऐकू आली. चहा गाळता गाळता घरची सून गात होती. म्हणणारे क्षणभर थांबले, तीही ओशाळून थांबली, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी “म्हण की गं, थांबलीस कशाला?” असे म्हणून तिला बाहेर बोलावले. पुढची कडवी आम्ही मराठीत आणि ती कन्नडमध्ये, अशी एकाच वेळी म्हटली. शब्द एकमेकांवर येत होते, पण चाल एक असल्यामुळे कोणाचे काही अडले नाही. नऊ वर्षे ती आमच्या मंडळीत येते. तिचा आवाज इतका चांगला आहे हे त्या रात्री आम्हाला कळले. पवित्र आत्मा उतरला त्या पेंटेकॉस्टच्या दिवशी शिष्यांचे बोलणे प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आले, हा शास्त्रभाग आपण दरवर्षी वाचतो. मला त्याचा अर्थ अनगोळच्या त्या अंधारात अधिक लागला.

तरुणांविषयी कमिटीत बोलणे निघाले की बहुतेक वेळा वाद गिटार आणि ड्रमवर येऊन थांबतो. आपली मुले नव्या स्वतंत्र प्रार्थना-फेलोशिपकडे वाद्यांसाठी जातात, अशी समजूत आहे. मी अशा सहा-सात मुलांना घरी बोलावून विचारले. एकानेही वाद्यांचे नाव काढले नाही. एक मुलगी म्हणाली की परीक्षेच्या आदल्या रात्री तिथल्या ताईंचा फोन येतो. दुसरा म्हणाला की नोकरी सुटली तेव्हा दोन महिने दर शनिवारी कोणी तरी मला भेटायला येत होते. मला हार्मोनियम आणि तबल्याची उपासना आवडते आणि ती तशीच राहावी असे वाटते, पण त्या मुलांपुढे मला वाद्यांची बाजू मांडावीशी वाटली नाही. २०२० च्या टाळेबंदीत आपली मंदिरे बंद झाली तेव्हाही हेच घडले होते. ज्यांना कोणाचा तरी फोन येत राहिला ते मंदिर उघडल्यावर परत आले. ज्यांना आला नाही त्यांपैकी कित्येक आजही आलेले नाहीत, आणि आपण त्यांना ‘थंड झालेले’ म्हणतो.

हंगामाच्या सणाविषयीही थोडे लिहितो. भाताच्या पेंढ्या, रताळी, भोपळे, कोंबड्या, घरी केलेली चकली यांनी वेदीपुढची जागा भरून जाते, आणि मग बाहेर मांडवात लिलाव पुकारला जातो, तो माझ्या लहानपणापासूनचा सर्वांत आनंदाचा दिवस आहे. पण अलीकडे तो मोठ्या बोलीचा दिवस होत चालला आहे. एक भोपळा पाच हजारांना गेला हे आपण वर्षभर सांगतो, आणि पदराखालून सहा अंडी आणून ठेवणाऱ्या विधवेचे नाव पुकारणाऱ्याला माहीत नसते. या उत्पन्नातील ठरावीक वाटा घरभेटीच्या गटांकडे द्यावा, अशी माझी सूचना आहे. मिरजेच्या किंवा इथल्या दवाखान्यात मंडळीतले कोणी दाखल असले, तर सोबतच्या माणसाचा डबा, एसटीचे भाडे, रात्री पाळीने थांबणारे दोघे, एवढी व्यवस्था गटाने बिनबोभाट करावी. एका भोपळ्याच्या बोलीत किती डबे होतात याचा हिशेब मी खजिनदार म्हणून करून पाहिला आहे.

कमिट्यांच्या निवडणुका, जमिनीच्या मालकीवरून चाललेली कोर्टकचेरी, कोणत्या गटाचा सचिव झाला आणि कोणाचा पडला, या गोष्टींवर मी काही लिहीत नाही. त्यांत गेलेली वर्षे आपल्या सर्वांना ठाऊक आहेत.

दफनभूमीविषयी मात्र स्पष्ट मागणी करतो. स्मरणपत्रातील ते वाक्य सर्व मंडळ्यांनी काढून टाकावे. वर्गणी मागण्यास माझी हरकत नाही. मंदिराचे वीजबिल आणि पाळकांचे वेतन आकाशातून पडत नाही. पण माणसाच्या मातीची धास्ती घालून ती वसूल करणे ख्रिस्ताच्या मंडळीला शोभत नाही, आणि ज्या घराची वर्गणी वर्षभर थकते त्या घरी पत्र न जाता माणूस जावा, असा नियम ठरावाने करावा. तिथे गेल्यावर बहुतेक वेळा कारण समजेल आणि त्या कारणापुढे वर्गणीचा विषय काढवणारही नाही.

हे पत्र पोहोचल्यावर येत्या मासिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत दोन विषय घ्यावेत, अशी नम्र विनंती आहे : घरांचे गट पाडणे आणि स्मरणपत्राचा मजकूर बदलणे. आमच्या मंडळीत मी शहापूर-वडगाव भागातील बारा घरांची यादी करून पाळकसाहेबांकडे दिली आहे. त्यातील चार घरे रविवारी मंदिरात दिसत नाहीत. या गटाची पहिली घरसभा पुढच्या बुधवारी संध्याकाळी सहाला नर्सबाईंच्या खोलीत ठेवली आहे, कारण तेव्हा मागांची पाळी बदलते आणि अर्धा तास शांतता असते. गीते त्याच निवडणार आहेत.

आपला ख्रिस्तबंधू,
एका मंडळीचा माजी खजिनदार,
बेळगाव